स्वच्छ विजेच्या वाटेवर गरीब वस्त्या कुठे? चेन्नईपुढील तीन प्रश्न : छप्पर, बिल आणि म्हणणे

चेन्नई : शहराच्या उत्तर टोकाला कोसस्थलैयार नदी समुद्राला मिळते. त्या एन्नोर खाडीच्या दोन्ही बाजूंना औष्णिक वीज केंद्रांची धुराडी उभी आहेत. खाडीत कोळंबी व मासे धरून पोट भरणाऱ्या वस्त्या या धुराड्यांच्या कितीतरी आधीपासूनच्या आहेत. शहराच्या दक्षिणेकडे, झोपडपट्ट्यांतून हलविलेल्या कुटुंबांसाठी बांधलेल्या पेरुंबाक्कम व कण्णगी नगर या वसाहतींत हजारो कुटुंबे लहान सदनिकांत राहतात. पहिल्या ठिकाणी कोळशाच्या विजेचा भार सोसला जातो, तर दुसऱ्या ठिकाणी सौरऊर्जेची सवलत पोहोचण्याची वाट सापडत नाही. देशात स्वच्छ ऊर्जेचा विस्तार वेगाने होत असताना त्यात अल्प उत्पन्न गटातील, विशेषतः दलित, आदिवासी आणि मच्छीमार समाजाचा सहभाग कसा वाढवायचा, या प्रश्नाची सर्व अंगे या दोन ठिकाणांवरून समजून घेता येतात.

तमिळनाडूत नवीकरणीय ऊर्जेची वानवा नाही. पवन ऊर्जेची १० हजार मेगावॉटहून अधिक क्षमता असलेल्या या राज्याची गणना देशातील अग्रेसर राज्यांत होते. रामनाथपुरम जिल्ह्यातील कमुदी येथे २०१६ मध्ये ६४८ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा राहिला, तेव्हा एकाच ठिकाणी असलेल्या जगातील सर्वांत मोठ्या सौर प्रकल्पांत त्याचा समावेश होता. राज्याकडे वारा, ऊन, कारखाने व कुशल मनुष्यबळ असे सारे काही आहे. तरीही स्वच्छ वीज गरीब वस्तीच्या उंबरठ्यावर थबकते, आणि त्याची कारणे तंत्रज्ञानात शोधून सापडत नाहीत.

राख कोणाच्या वाट्याला?

एन्नोर येथील पहिले औष्णिक वीज केंद्र १९७० मध्ये सुरू झाले. ४५० मेगावॉट क्षमतेचे हे केंद्र मार्च २०१७ अखेर बंद करण्यात आले. मात्र तोपर्यंत परिसरात त्याहून मोठी केंद्रे उभी राहिली होती. उत्तर चेन्नई औष्णिक केंद्राच्या पहिल्या टप्प्याची क्षमता ६३० आणि दुसऱ्या टप्प्याची १ हजार २०० मेगावॉट आहे. केंद्र व राज्य यांच्या संयुक्त कंपनीचे वल्लूर येथील केंद्र १ हजार ५०० मेगावॉटचे आहे. उत्तर चेन्नई केंद्राच्या ८०० मेगावॉटच्या तिसऱ्या टप्प्याचे उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झाले. म्हणजेच जुने केंद्र बंद झाल्यानंतरही या पट्ट्यातील कोळशावरील विजेची क्षमता ४ हजार मेगावॉटच्या पुढे आहे.

भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः ३० ते ४० टक्के असते. ही राख पाण्यात कालवून नळांवाटे राखेच्या तळ्यांकडे नेली जाते. एन्नोरमध्ये या नळांतून वर्षानुवर्षे गळती होत राहिली आणि राखेचा थर खाडीच्या तळाशी साचत गेला. तळ उथळ झाला की भरती-ओहोटीचे पाणी पूर्वीसारखे खेळत नाही, आणि चिखलात वाढणारी कोळंबी व खेकडे कमी होतात. त्याचा पहिला फटका होडीतून जाळे टाकणाऱ्या मच्छीमारांना बसतो. त्यांच्याइतकाच तो पाण्यात उतरून हाताने कोळंबी वेचणाऱ्या इरुलर या आदिवासी समाजालाही बसतो. या समाजाकडे ना होडी असते ना यंत्र. खाडीचा चिखल हेच त्यांचे भांडवल.

काट्टुकुप्पम व आसपासच्या वस्त्यांतील मच्छीमारांनी हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला. लवादाच्या दक्षिण खंडपीठाने जुलै २०२२ मध्ये राखेमुळे झालेल्या हानीबद्दल राज्याच्या वीज कंपनीला जबाबदार धरले आणि खाडी पूर्वपदावर आणण्यासाठी पावले उचलण्याचे निर्देश दिले. त्यानंतर दीड वर्षाच्या आतच, डिसेंबर २०२३ मध्ये, ‘मिचाँग’ चक्रीवादळाच्या पुरात मणलीच्या तेलशुद्धीकरण परिसरातून वाहून आलेले तेल खाडीत पसरले. होड्या, जाळी आणि माणसांचे हातपाय तेलाने माखले. त्याच महिन्याच्या २६ तारखेच्या रात्री खत कारखान्याच्या समुद्राखालील नळातून अमोनिया वायूची गळती झाली आणि किनाऱ्यावरील कुटुंबांना झोपेतून उठून घराबाहेर पळावे लागले.

या घटनांचा स्वच्छ ऊर्जेशी थेट संबंध आहे. कोळशाच्या विजेची किंमत आजवर बिलात दिसलेली नाही. तिचा काही भाग खाडीकाठच्या कुटुंबांनी घटलेल्या मासळीच्या आणि बिघडलेल्या आरोग्याच्या रूपाने भरला आहे. त्यामुळे कोळशाकडून सूर्याकडे जाणाऱ्या प्रवासाचा पहिला लाभ त्यांच्यापर्यंत पोहोचावा, ही मागणी उपकाराच्या भावनेतून येत नाही. ती जुन्या हिशेबाची बाकी आहे.

एका शब्दाची गोष्ट

एन्नोरच्या या लढ्याला शहरभर ओळख मिळाली ती एका गाण्यामुळे. कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णा यांचे ‘चेन्नई पोरंबोक्कु पाडल’ हे गीत जानेवारी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे चित्रीकरण एन्नोरच्या खाडीतच झाले होते. ‘पोरंबोक्कु’ म्हणजे कोणा एकाच्या मालकीची नसलेली, महसूल आकारणीतून वगळलेली सामाईक जमीन. आपल्याकडे ‘गायरान’ म्हणतात, त्याच्या जवळपास जाणारी ही संज्ञा आहे. कालांतराने तमिळ बोलीत हा शब्द ‘कवडीमोलाचा’, ‘निरुपयोगी माणूस’ अशा अर्थाची शिवी होऊन बसला.

शब्दाच्या या घसरणीतच प्रश्नाचे मूळ दिसते. ज्या जमिनीची नोंद कोणाच्या नावावर नाही, ती रिकामी समजली जाते. तिच्यावर जगणारी माणसेही मग हिशेबाबाहेर राहतात. कोळशाचे प्रकल्प अशाच जमिनींवर आले. मोठे सौर प्रकल्प, पारेषण वाहिन्या, पवनचक्क्या यांनाही जमीन लागते, आणि गायरान किंवा खारफुटीचा पट्टा ‘मोकळा’ मानण्याची सवय मोडली नाही, तर इंधन बदलूनही अन्याय तोच राहील, हा इशारा एन्नोरच्या अनुभवातून मिळतो.

अमेरिकेतील चळवळ आणि भारतातील वास्तव

‘पर्यावरणीय न्याय’ ही संकल्पना अमेरिकेत रुजली. १९८२ मध्ये उत्तर कॅरोलिना राज्यातील वॉरेन परगण्यात विषारी रसायनांनी दूषित झालेली माती पुरण्यासाठी कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेला भाग निवडण्यात आला. त्याविरुद्धच्या आंदोलनात ५०० हून अधिक लोकांना अटक झाली. पुढे ऑक्टोबर १९९१ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या परिषदेत कृष्णवर्णीय, मूलनिवासी, लॅटिन व आशियाई वंशाच्या प्रतिनिधींनी पर्यावरणीय न्यायाची १७ तत्त्वे मांडली. घातक प्रकल्प कुठे येतो आणि तेथे कोण राहते, यांत योगायोग नसतो, हे या चळवळीने ठळकपणे दाखवून दिले.

२०२१ मध्ये तत्कालीन अमेरिकी प्रशासनाने हवामान व स्वच्छ ऊर्जेवरील काही केंद्रीय गुंतवणुकींचे ४० टक्के लाभ वंचित वस्त्यांपर्यंत पोहोचविण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. जानेवारी २०२५ मध्ये सत्ताबदल होताच ते रद्द झाले. उद्दिष्ट केवळ आदेशावर उभे असेल, तर ते एका सहीने येते आणि दुसऱ्या सहीने जाते, हा त्यातील बोध आहे.

भारतात ही विषमता वर्णापेक्षा जात, व्यवसाय आणि वस्तीचा पत्ता यांतून व्यक्त होते. चेन्नईत उत्तर भाग हा गोदी, गिरण्या, रेल्वे कारखाने व रसायन उद्योगांतील कामगारांचा, दलितांचा आणि मच्छीमारांचा म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्रातील वाचकांना मुंबईतील माहुल, नागपूरजवळील कोराडी किंवा चंद्रपूर आठवले, तर ते स्वाभाविक आहे. ठिकाणे वेगळी असली तरी नकाशावरील ठिपके एकाच तर्काने पडलेले दिसतात.

पहिला प्रश्न : छप्पर कोणाचे?

घरगुती सौरऊर्जेसाठी केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना’ मंजूर केली. ७५ हजार २१ कोटी रुपयांच्या या योजनेचे उद्दिष्ट १ कोटी घरांचे आहे. १ किलोवॉटसाठी ३० हजार, २ किलोवॉटसाठी ६० हजार, तर ३ किलोवॉट व त्यापुढील क्षमतेसाठी ७८ हजार रुपये अनुदान मिळते. अर्जदाराकडे सौर पट्ट्या बसविण्याजोगे छप्पर असलेले घर आणि स्वतःच्या नावाची वीजजोडणी असावी लागते.

ही अट मध्यमवर्गीय घरमालकाला अट वाटतही नाही, गरिबासाठी मात्र तीच भिंत ठरते. एन्नोरमधील पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या पन्हाळी पत्र्यांच्या घरावर सौर पट्ट्यांचा सांगाडा वादळवाऱ्यात टिकेल इतके बळ नसते. भाडेकरूला छपरावर हक्क नसतो. बहुमजली वसाहतीत सदनिका कुटुंबाला मिळते, पण गच्ची कोणा एकाची नसते.

एक किलोवॉटच्या संचाला सुमारे १०० चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी ४ युनिट वीज मिळते. उदाहरणादाखल, ९६ सदनिकांच्या आठमजली इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या व जिना वगळून २ हजार चौरस फूट जागा हाती लागली, असे समजू. तेथे २० किलोवॉटचा संच बसेल आणि महिन्याला सुमारे २ हजार ४०० युनिट वीज तयार होईल. वाटणी केल्यास प्रत्येक घराच्या वाट्याला महिन्याला २५ युनिट येतील. सर्व गरज भागविण्यास ती अपुरी आहे, पण दुर्लक्ष करण्याइतकी थोडीही नाही.

ही वाटणी व्यवहारात आणण्याचा मार्ग उपलब्ध आहे. एका ठिकाणी तयार झालेली सौर वीज अनेक ग्राहकांच्या बिलांत ठरलेल्या प्रमाणात वजा करणे, या पद्धतीला ‘आभासी नेट मीटरिंग’ म्हणतात. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. या पद्धतीत गच्ची शेजारच्या शाळेची असू शकते, समाजमंदिराची असू शकते किंवा दूरच्या गोदामाचीही. ग्राहकाचे स्वतःचे छप्पर असण्याची अट तेथे उरत नाही. गरीब वस्त्यांसाठी संचाच्या किमतीइतकेच महत्त्व या नियमाला आहे.

दुसरा प्रश्न : बिलच नसेल तर बचत कसली?

तमिळनाडूत विजेचे बिल दर दोन महिन्यांनी येते. मे २०१६ पासून प्रत्येक घरगुती ग्राहकाला त्यातील पहिले १०० युनिट मोफत मिळतात. पंखा, दिवे, दूरचित्रवाणी आणि एखादा लहान फ्रिज एवढ्यावर भागविणाऱ्या कुटुंबाला या निर्णयाने मोठा आधार दिला. परंतु सौरऊर्जेचे गणित त्यामुळे बदलते.

दोन महिन्यांत १५० युनिट वापरणाऱ्या घराला पैसे मोजावे लागतात ते ५० युनिटांचेच. केंद्राच्या अनुदानाचा आधार असलेली किंमत किलोवॉटमागे ५० हजार रुपये धरली, तर ३० हजार वजा जाता २० हजार रुपये कुटुंबाला स्वतः उभे करावे लागतात. ५० युनिटांच्या तुटपुंज्या बिलातून हा खर्च भरून निघायला बरीच वर्षे लागतील. याउलट, वातानुकूलन यंत्रे चालविणाऱ्या बंगल्याचा वापर वरच्या दरटप्प्यांत जातो. त्याची बचत सर्वांत महाग युनिटांपासून सुरू होते आणि खर्च लवकर वसूल होतो. परिणामी, सर्वांसाठी खुले असलेले अनुदान प्रत्यक्षात मोठे छप्पर आणि मोठे बिल असलेल्यांकडे वाहत जाते. त्यात कोणाचा दुष्ट हेतू असण्याची गरज नाही. योजनेची रचनाच त्या दिशेने उतरती आहे.

महाराष्ट्राने यावर वेगळा उपाय योजला आहे. २०२५ मध्ये राज्य सरकारने दारिद्र्यरेषेखालील आणि महिन्याला १०० युनिटपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या ग्राहकांसाठी ‘स्मार्ट’ योजना जाहीर केली. १ किलोवॉटच्या संचासाठी केंद्राच्या ३० हजार रुपयांवर राज्याचे १७ हजार ५०० रुपये मिळून दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला केवळ अडीच हजार रुपये भरावे लागतात. अनुसूचित जाती व जमातींच्या ग्राहकांसाठी राज्याचा वाटा १५ हजार, तर सर्वसाधारण गटासाठी १० हजार रुपये आहे. सामाजिक स्तर पाहून अनुदानाची चढती श्रेणी ठरविणारी ही रचना लक्षणीय आहे. तथापि, छपराची अट तेथेही आहेच. चाळीतील खोली किंवा झोपडपट्टीतील दुमजली घर तिच्या कक्षेत सहज येत नाही.

तमिळनाडूच्या गणितात मात्र एक संधी दडलेली आहे. मोफत दिलेल्या प्रत्येक युनिटाची भरपाई राज्य सरकार वीज कंपनीला करते. म्हणजे गरिबाच्या घरात सौर वीज आली, तर वाचणारा पैसा मुख्यतः सरकारचा असतो. पेरुंबाक्कमसारख्या वसाहती तर सरकारी मंडळानेच बांधल्या आहेत. १९७० मध्ये ‘झोपडपट्टी निर्मूलन मंडळ’ म्हणून स्थापन झालेल्या आणि २०२१ मध्ये ‘नागरी वसाहत विकास मंडळ’ असे नामांतर झालेल्या या मंडळाकडे अशा शेकडो इमारती आहेत. वर मांडलेल्या उदाहरणात प्रत्येक घराला दोन महिन्यांत ५० युनिट मिळतात, म्हणजे सरकार देत असलेल्या मोफत विजेच्या निम्मी वीज त्याच घरांच्या डोक्यावर तयार होऊ शकते. गुंतवणूक सरकारने करावी, बचतही त्याने मोजावी आणि त्या बचतीतील ठरलेला हिस्सा रहिवाशांना द्यावा, असा व्यवहार येथे शक्य आहे.

तो हिस्सा रोखीनेच द्यावा लागेल असे नाही. उंच इमारतीत राहणाऱ्या गरीब कुटुंबाला सर्वाधिक ग्रासणारा खर्च सामाईक असतो. पाणी वर चढविणारा पंप, उद्वाहन आणि जिन्यातील दिवे यांचे बिल थकले की सातव्या मजल्यावरील वृद्धांना आणि गर्भवतींना जिना चढावा लागतो, पाण्याच्या कळश्या खांद्यावरून न्याव्या लागतात. ‘सूर्यघर’ योजनेत गृहनिर्माण संस्था व रहिवासी संघांच्या सामाईक सुविधांसाठी ५०० किलोवॉटपर्यंत, किलोवॉटमागे १८ हजार रुपये अनुदानाची तरतूद आहे. राज्यात ‘आपली वसाहत, आपली जबाबदारी’ अशा अर्थाच्या योजनेखाली पुनर्वसन वसाहतींतील रहिवासी संघही स्थापन झाले आहेत. या दोहोंची सांगड घातली, तर सूर्याची वीज सर्वप्रथम पंप आणि उद्वाहनाला मिळू शकेल. एखाद्या घराचे मीटर कोणाच्या नावावर आहे, हा गुंता सोडविण्याची वाटही पाहावी लागणार नाही.

देखभालीचा विसर

गरिबांच्या घरी सौरऊर्जा नेण्याचा प्रयत्न तमिळनाडूने पूर्वीही केला आहे. २०११ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री जे. जयललिता यांनी ग्रामीण भागासाठी ‘सौर हरित घरे’ योजना सुरू केली. वर्षाला ६० हजार याप्रमाणे पाच वर्षांत ३ लाख घरे, प्रत्येक घर ३०० चौरस फुटांचे आणि त्यात सौरऊर्जेवर चालणारे पाच दिवे, असे तिचे स्वरूप होते. सुरुवातीच्या १ लाख ८० हजार रुपयांच्या खर्चापैकी ३० हजार रुपये सौर दिव्यांसाठी राखून ठेवण्यात आले होते. लाभार्थींमध्ये अनुसूचित जातींसाठी २९ टक्के व जमातींसाठी १ टक्का वाटा निश्चित होता.

घर आणि सौर दिवे एकत्र देण्याची ही कल्पना काळाच्या पुढची होती. मात्र अशा प्रत्येक योजनेत पाच-सहा वर्षांनी एक प्रश्न उभा राहतो. सौर पट्टी वीस-पंचवीस वर्षे टिकते, पण बॅटरी त्याआधीच बदलावी लागते, इन्व्हर्टर बिघडतो, किनारी भागात खारट हवेने जोडण्या गंजतात. दुरुस्ती करणारा माणूस जवळ नसेल आणि त्यासाठी पैसा बाजूला काढलेला नसेल, तर पट्टी कपडे वाळत घालण्याच्या कामी येते. समाजाचा सहभाग म्हणजे उद्घाटनाच्या दिवशीची गर्दी नव्हे. सहाव्या वर्षी बिघाड झाल्यावर कोणाला बोलवायचे, हे वस्तीला ठाऊक असणे, हा त्याचा खरा निकष आहे.

रोजगार कोणत्या दिशेला?

स्वच्छ ऊर्जा क्षेत्रात चेन्नई परिसर उत्पादनाचे मोठे केंद्र बनत आहे. शहराच्या नैर्ऋत्येस श्रीपेरुंबुदूरजवळील पिल्लैपाक्कम येथे अमेरिकी कंपनी ‘फर्स्ट सोलर’चा ३.३ गिगावॉट क्षमतेचा सौर पट्टी कारखाना जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. एन्नोर आहे ईशान्येला. कोळशाचा रोजगार एका कोपऱ्यात आणि सूर्याचा दुसऱ्या, अशी ही विभागणी आहे. औष्णिक केंद्र बंद झाल्यास कायम कर्मचाऱ्याची अन्यत्र बदली होऊ शकते. राख उपसणारा, कोळसा हाताळणारा कंत्राटी मजूर मात्र कोणत्याच यादीत सापडत नाही. त्याचे प्रशिक्षण आणि नव्या कामापर्यंत जाण्याची सोय यांचा विचार केंद्र बंद होण्याच्या आधी व्हायला हवा.

गरीब घरांतील स्त्रिया या तंत्रज्ञानात मागे राहतील, ही समजूत महाराष्ट्रातच खोटी ठरली आहे. वर्धा जिल्ह्यातील देवळी तालुक्यात कवठा (झोपडी) येथे महिलांच्या सहकारी संस्थेने आयआयटी मुंबईच्या मार्गदर्शनाखाली सौर पट्ट्या तयार करण्याचा कारखाना उभारला. बचत गटांच्या अनुभवातून हिशेब, बैठक आणि सामूहिक जबाबदारी यांची सवय झालेल्या स्त्रियांनी सोल्डरिंगपासून चाचणीपर्यंतची कामे आत्मसात केली. तमिळनाडूतही महिला बचत गटांची परंपरा जुनी व भक्कम आहे. वसाहतीच्या गच्चीवरील संचांची सफाई, जोडण्यांची तपासणी आणि किरकोळ दुरुस्ती ही कामे तेथील गटांकडे सोपविल्यास देखभालीचा प्रश्न आणि रोजगाराचा प्रश्न एकाच वेळी हाताळता येईल.

सहभागाची वाट नेहमी छपरावरूनच जाते असेही नाही. ३० जून २०२५ रोजी चेन्नईच्या महानगर परिवहन महामंडळाने उत्तर चेन्नईतील व्यासरपाडी आगारातून १२० विजेच्या बसगाड्यांची सेवा सुरू केली. कामगारवस्तीतील आगारापासून झालेली ही सुरुवात अर्थपूर्ण आहे. ज्याच्याकडे घर नाही, वाहन नाही, त्याच्याही दैनंदिन जीवनात स्वच्छ ऊर्जा प्रवेश करू शकते, ती सार्वजनिक सेवांच्या मार्गाने.

तिसरा प्रश्न : म्हणणे कधी ऐकायचे?

पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. एन्नोर येथे जुन्या केंद्राच्या जागी प्रस्तावित ६६० मेगावॉटच्या विस्तार प्रकल्पासाठी डिसेंबर २०२४ मध्ये अशी सुनावणी झाली, तेव्हा रहिवाशांनी त्यास तीव्र विरोध केला. नागपूरजवळील कोराडीतही २०२३ मध्ये नव्या संचांबाबत झालेल्या सुनावणीत असेच चित्र दिसले. या सुनावण्यांची मर्यादा अशी की, जागा, क्षमता आणि इंधन ठरल्यानंतर लोकांना बोलावले जाते. त्यांच्यापुढे ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच पर्याय उरतात. ‘त्याऐवजी काय’ हे सांगण्याची जागा त्या प्रक्रियेत नसते.

स्वच्छ ऊर्जेच्या नियोजनात ही जागा निर्माण करणे शक्य आहे. चेन्नई महापालिकेने जून २०२३ मध्ये हवामान कृती आराखडा प्रसिद्ध करून २०५० पर्यंत कार्बनतटस्थ होण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. उत्तर चेन्नईतून निवडून आलेल्या प्रिया राजन मार्च २०२२ मध्ये शहराच्या पहिल्या दलित महिला महापौर झाल्या. प्रभाग समित्या आणि क्षेत्रसभांची तरतूदही राज्यात झाली आहे. व्यासपीठे आहेत. त्यांच्यापुढे येणारा विषय मात्र बहुधा गटार, रस्ता आणि दिवाबत्तीपुरता राहतो. शहराची वीज कोठून यावी, बंद पडलेल्या केंद्राच्या जमिनीचे काय करावे, कोणत्या शाळेच्या गच्चीवरून कोणत्या वस्तीला वीज द्यावी, हे विषय त्याच सभेत, स्थानिक भाषेत आणि मच्छीमार किनाऱ्यावर परतल्यानंतरच्या वेळेत मांडले गेले, तर सहभाग या शब्दाला आशय मिळेल.

पुढे काय पाहावे?

आगामी काळात चेन्नईतील प्रगती मोजण्यासाठी किती मेगावॉट क्षमता बसविली, हा एकच आकडा पुरेसा ठरणार नाही. पुनर्वसन वसाहतींच्या किती गच्च्यांवर संच बसले, त्यातून पंप व उद्वाहनाचे किती बिल कमी झाले, भाडेकरूंच्या बिलात सामाईक सौर विजेची वजावट दिसू लागली का, देखभालीचे काम वस्तीतील किती जणांना मिळाले आणि एन्नोरच्या खाडीतील राख उपसण्याचे काम कुठवर आले, हेही पाहावे लागेल.

यांतील शेवटचा प्रश्न ऊर्जा खात्याच्या कागदावर कदाचित दिसणार नाही. पण खाडीकाठच्या कुटुंबांसाठी स्वच्छ ऊर्जेची व्याख्या तिथूनच सुरू होते. भरतीचे पाणी पुन्हा मोकळे खेळू लागले आणि इरुलर स्त्रीच्या टोपलीत पुन्हा कोळंबी भरू लागली, तर तिला या बदलाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.